कथनसाधनांची पारख

पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्त्याच्या कडेला, मुळा-मुठेच्या उत्तर तीरावर खराडी हें गांव आहे. १९९७ सालीं त्याचा समावेश पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत झाला, आणि पुढें शेतमळ्यांच्या जागीं इऑन, वर्ल्ड ट्रेड सेंटर यांसारख्या उंच इमारती उभ्या राहिल्या. तेथें संगणकापुढें बसून माणसें जीं नाना कामें करतात, त्यांतील एक काम वरवर नवें दिसलें तरी फार जुनें आहे. चित्र, शब्द, ध्वनि आणि गति यांची जुळणी करून दुसऱ्यास कांहीं समजावून देणें, किंवा त्याच जुळणींतून एखादा खेळ रचणें, हें तें काम. त्यासाठीं जीं सॉफ्टवेअरें मिळतात त्यांस बहुमाध्यम-रचनेचीं साधनें म्हणतां येईल. त्यांतील कोणतें घ्यावें हा प्रश्न शाळेच्या शिक्षकापासून कचेरींतील अधिकाऱ्यापर्यंत सर्वांस पडतो. विक्रेते त्याचें उत्तर चमत्कृतींची यादी वाचून देतात. मी आज या प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेनें जाणार आहें. कारण असल्या साधनांचा अनुभव महाराष्ट्राला कांहीं काल-परवां आलेला नाहीं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून, सावंतवाडीच्या भोसले घराण्याचा तिला आश्रय होता. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाचीं चित्रें कागदावर रंगवून त्यांची पोथी केलेली असते. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीवर कथा गातो. कोणत्या चित्रावर किती वेळ थांबावें, गाणें कोठें आणावें, हें पोथींत लिहिलेलें नसतें; तें कथेकऱ्याच्या कंठांत असतें. याच परंपरेच्या सेवेबद्दल पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली.

दुसरें उदाहरण कल्याणचें. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें दीपचित्रांचे प्रयोग सुरू केले. शांबरी विद्या म्हणजे जादू. त्या जादूचा हा दिवा. काचेच्या पट्ट्यांवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्यापुढें सरकवून पडद्यावर मोठीं करावयाचीं, काचा झपाट्यानें बदलून आकृतींस हालचालीचा भास आणावयाचा, आणि जोडीला निवेदन व संगीत ठेवावयाचें, असा तो प्रकार होता. ल्युमिए बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईस वॉटसन हॉटेलांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं. म्हणजे पटवर्धनांचा पडदा त्याआधीं चार वर्षें उजळलेला होता. आज आपण संगणकावर ज्यास ‘स्लाइड’ म्हणतों, तो शब्ददेखील दिव्यापुढें सरकणाऱ्या त्या काचेचाच वारसा होय.

या दोन्ही साधनांचा एक विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. पोथी उघडावयास कोणाची परवानगी लागत नाहीं, आणि रंगविलेली काच पाहावयास उजेड पुरतो. दिवा जुना झाला तर नवा आणतां येतो. खेळांचेंहि तसेंच आहे. सारीपाटाचें कापड फाटलें तर दुसरें शिवतां येतें, कारण खेळाचे नियम कापडांत नसून खेळणाऱ्यांच्या मुखीं असतात. साधन आणि कृति हीं तेथें वेगळीं राहूं शकत होतीं.

संगणकाच्या युगांत हा संबंध पालटला. १९८७ हें वर्ष या बाबतींत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं अॅपल कंपनीच्या बिल अॅटकिन्सन यांनीं ‘हायपरकार्ड’ निर्माण केलें. त्यांत पत्त्यांचा गठ्ठा कल्पिलेला असे. प्रत्येक पत्त्यावर चित्र, मजकूर व कळा मांडावयाच्या, आणि कळ दाबतांच कोणता पत्ता पुढें यावा हें साध्या आज्ञांनीं ठरवावयाचें. १९९३ सालचा ‘मिस्ट’ हा गाजलेला खेळ मुळांत याच साधनानें रचला होता. त्याच १९८७ सालीं फोरथॉट कंपनीनें ‘पॉवरपॉइंट’ विक्रीस आणलें, आणि वर्ष संपण्यापूर्वींच मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी विकत घेतली. पुढें मॅक्रोमीडिया कंपनीचीं ‘डायरेक्टर’ व ‘ऑथरवेअर’ हीं साधनें आलीं, आणि १९९६ पासून ‘फ्लॅश’चा उदय झाला. डायरेक्टरमध्यें रंगमंच, पात्रवर्ग आणि कालपट्टी अशी नाटकाची परिभाषा होती. सीडीवरील कितीएक शैक्षणिक कृति त्यानें घडविल्या.

मराठी माणसास मात्र या साधनांशीं झुंजतांना एक अडचण प्रथमपासून आली. तीं आपलीं अक्षरें ओळखीत नसत. या बाबतींत पुण्यानें केलेलें कार्य स्मरणीय आहे. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें ‘जिस्ट’ तंत्राच्या साहाय्यानें देवनागरी संगणकावर आणली, आणि १९९१ सालीं भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचें ‘श्रीलिपि’ छापखान्यांत रुळलें. परंतु प्रत्येक फाँटचा आंतला संकेत निराळा असल्यामुळें, एका यंत्रावर रचलेला मराठी पाठ दुसऱ्या यंत्रावर उघडला कीं अक्षरांच्या जागीं रोमन चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासून होती. परंतु विंडोजनें तिला आधार दिला तो विंडोज २००० या आवृत्तींत, आणि फ्लॅशला जोडाक्षरांची जुळणी करणारें नवें यंत्र मिळालें तें २००८ सालीं, दहाव्या आवृत्तींत. तोंवर रचनाकार मराठी मजकुराचें चित्र करून तेंच पडद्यावर बसवीत. चित्र झालेल्या शब्दांत शोध घेतां येत नाहीं, चूक सुधारतां येत नाहीं, आणि आंधळ्यास तो यंत्राकरवीं वाचून दाखवितां येत नाहीं.

याच सुमारास ही विद्या सामान्य जनांपर्यंत पोहोंचली. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमानें तालुक्याच्या गांवींहि पॉवरपॉइंट नेलें. शिक्षक पाठ रचूं लागले, विद्यार्थी प्रकल्प मांडूं लागले. नेमक्या याच काळांत जुन्या साधनांच्या मरणाचा क्रम सुरू झाला होता. हायपरकार्डची विक्री २००४ सालीं थांबली. ऑथरवेअरचा विकास २००७ सालीं बंद झाला. डायरेक्टर २०१७ सालीं संपलें. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं काढून घेतला गेला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तें चालविणारें यंत्रच कृति दाखविण्यास नकार देऊं लागलें. मराठींत असो वा अन्य भाषेंत, ज्यानें आपला पाठ वा खेळ केवळ त्या स्वरूपांत ठेवला होता, त्याची फाइल शाबूत राहिली पण कृति मुकी झाली.

श्रोतेहो, येथें प्रश्न कांहीं हजार रुपयांच्या सॉफ्टवेअरचा नाहीं. एका शिक्षकानें रात्री जागून रचलेला भूगोलाचा पाठ पांच-दहा वर्षांत नाहींसा होतो, आणि पुढच्या शिक्षकास पाटी कोरी करून पुन्हां आरंभ करावा लागतो. ज्या भाषेंत अशीं कामें करणारे हात मुळांतच थोडे, तिला ही हानि अधिक जाचते. कृति नष्ट होणें ही गोष्ट नवी नाहीं. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचेहि सगळे भाग आज उपलब्ध नाहींत. परंतु फिल्म हयगयीनें व काळानें झिजते. संगणकावरील कृति मात्र जशीच्या तशी असतांना निरुपयोगी होते.

याच इतिहासांत बचावाचीं उदाहरणेंहि आहेत. मुलांस खेळ व गोष्टी रचतां याव्यात म्हणून अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं ‘स्क्रॅच’ प्रसिद्ध केलें. त्याची दुसरी आवृत्ति फ्लॅशवर उभी होती. परंतु फ्लॅशचा अंत होण्यापूर्वींच, जानेवारी २०१९ मध्यें, तिसरी आवृत्ति खुल्या पायावर नव्यानें बांधली गेली, आणि मुलांचे जुने प्रकल्प तींत उघडूं लागले. पॉवरपॉइंटचें स्वरूपहि २००८ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाल्यामुळें लिबरऑफिससारखें मुक्त सॉफ्टवेअर तें वाचूं शकतें. फ्लॅशच्या जुन्या कृति चालविण्यासाठीं स्वयंसेवकांनीं ‘रफल’ नांवाचें साधन घडविलें. परंतु तें उपकाराचें काम आहे, हक्काचें नव्हे.

खेळांच्या क्षेत्रांत कराराचा प्रश्नहि उभा राहतो. सप्टेंबर २०२३ मध्यें युनिटी कंपनीनें, आपल्या साधनानें रचलेला खेळ जितक्यांदा नव्यानें बसविला जाईल त्या प्रमाणांत रचनाकारांकडून शुल्क घेण्याचा विचार जाहीर केला. जगभर ओरड झाल्यावर वर्षभरानें तो सोडून दिला. त्या निमित्तानें अनेकांचें लक्ष ‘गोडो’ या मुक्त साधनाकडे गेलें. अर्जेंटिनांतील दोघांनीं उभें केलेलें हें साधन २०१४ पासून सर्वांस खुलें आहे, आणि २०२३ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिपीची नीट जुळणी करतें.

तेव्हां पारख कशी करावी? माझ्या मतें चार परीक्षा पुरेशा आहेत. पहिली अक्षरांची: ‘कर्तृत्व’, ‘तऱ्हा’, ‘दृष्टि’, ‘ज्ञान’ हे चार शब्द त्यांत लिहून पाहावे, आणि शोधल्यावर ते सांपडतात कीं नाहीं तें पाहावें. दुसरी निर्गमाची: चित्रें, ध्वनि, मजकूर व त्यांचा क्रम हीं सर्व सुटीं करून बाहेर काढतां आलीं पाहिजेत. तिसरी प्रेक्षकाची: पाहणाऱ्याच्या यंत्रावर निराळें कांहीं न बसवितां कृति चालावी, आणि तीहि साध्या फोनवर. चौथी कराराची: पैसे भरणें थांबविलें, अथवा कंपनीचें मन पालटलें, तर आपलीच कृति आपणांस उघडतां येईल काय? चमत्कृतींचा विचार या चार प्रश्नांनंतर करावा.

यावर कोणी म्हणेल कीं, खुलीं साधनें ओबडधोबड असतात व शिकण्यास वेळ घेतात. कित्येकदां तें खरें असतें. उद्यां सकाळच्या सभेपुरती मांडणी करावयाची असेल, तर हाताशीं असेल तें साधन घ्यावें. तिचें आयुष्यच एका दिवसाचें आहे. परंतु जो पाठ दहा वर्गांनीं शिकावा, जो खेळ पुढच्या पिढीनें खेळावा अशी इच्छा आहे, त्याचें मोजमाप निराळें. त्यासाठीं साधन कोणतेंहि घ्या. मात्र मूळ चित्रें, ध्वनि व युनिकोडमधील संहिता वेगळ्या जपून ठेवा, आणि कथेचा क्रम साध्या कागदावर लिहून ठेवा. चित्रकथ्याचें ज्ञान त्याच्या कंठांत होतें म्हणून पोथी जीर्ण झाली तरी तें पुढील पिढीस मिळालें. खराडीच्या कचेरींत असो वा खेड्यांतील शाळेंत, जो आपलें कथन साधनाच्या स्वाधीन न करतां स्वतःपाशीं राखील, त्याचें काम साधन गेल्यावरहि उरेल.