सौम्य लोहाचा शोध : मुंबई व तिची उपनगरे यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

रक्तक्षयावर लोह हे औषध आहे, हे ज्ञान फार प्राचीन आहे; परंतु ते लोह रुग्णाच्या पोटास सोसेल अशा रीतीने कसे द्यावे, हा प्रश्न अद्यापि पुरता सुटलेला नाही. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांतून गर्भवती स्त्रीला लोहाची तांबडी गोळी दिली जाते. गोळी हाती पडणे आणि ती नियमाने पोटात जाणे यांत मात्र मोठे अंतर आहे. याच उपनगरांतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पार पाडलेल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, गरोदरपणी १०० दिवस वा अधिक काळ या गोळ्या घेणाऱ्या मातांचे प्रमाण देशात ४४.१ टक्के, तर १८० दिवस घेणाऱ्यांचे अवघे २६ टक्के होते. याच पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गोळ्या न घेण्याची कारणे अनेक आहेत. पुरवठ्यातील खंड हे त्यांपैकी एक होय. तथापि मळमळ, जळजळ व बद्धकोष्ठ या तक्रारी, आणि त्यांतून रूढ झालेली ‘गोळ्या उष्ण पडतात’ ही समजूत, हेही एक प्रबळ कारण आहे. या तक्रारीचे निवारण करण्याचे प्रयत्न कोणकोणत्या मार्गांनी झाले, हे येथे पाहावयाचे आहे.

स्थूलमानाने असे तीन मार्ग दिसतात : लोहाचे रूप पालटणे, त्यास आवरण घालणे, आणि त्याची मात्रा उतरविणे. पहिला मार्ग सर्वांत जुना. चरकसंहितेच्या पांडुचिकित्सेत सांगितलेले नवायस चूर्ण मध व तूप यांसह घ्यावयाचे असते, तर मंडूरवटकास ताकाचे अनुपान आहे. पुढे रसशास्त्रात लोखंडाचे शोधन करून, त्यास अनेक पुटे देऊन, पाण्यावर तरंगण्याइतके सूक्ष्म भस्म सिद्ध करण्याची पद्धती रूढ झाली. कच्चे लोह अपायकारक असते ही जाणीव या सर्व खटाटोपामागे आहे. भस्मातील लोह मुख्यतः ऑक्साइडच्या रूपात असते आणि ते सहजी विरघळत नाही. येथेच या इतिहासातील मूळ पेच दृष्टीस पडतो : जे लोह विरघळत नाही ते पोटाला फारसे बोचत नाही, पण ते आतड्यांतून फारसे शोषलेही जात नाही.

युरोपात १७ व्या शतकात सिडनहॅम याने लोहाचा कीस मद्यात भिजवून देण्याचा पुरस्कार केला. १८३२ मध्ये फ्रान्समधील ब्लो या वैद्याने हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, व पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या प्रचारात आणल्या. त्या गुणकारी ठरल्या; परंतु १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात बुंगे याने असे प्रतिपादन केले की, शरीर खनिज लोह ग्रहण करीतच नाही, अन्नातील सेंद्रिय लोहच ग्रहण करते. हे मत पुढे चुकीचे ठरले. मात्र प्राण्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन घातलेल्या ‘टॉनिकां’ना अशा विचारसरणीने मोठेच बळ दिले. भारतात ही पेये दीर्घकाळ विकली गेली. हिमोग्लोबिनयुक्त मिश्र औषधांवर १९९९-२००० च्या सुमारास सरकारने बंदी घातली, तेव्हा कुठे त्यांचा व्यवहार थांबला. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांसारख्या, शाकाहारी वस्ती मोठी असलेल्या भागांच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे.

मुंबईने या इतिहासात घातलेली भर निराळ्या स्वरूपाची आहे. १९२८ साली डॉ. मार्गारेट बॅल्फर यांच्या निमंत्रणावरून ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी शहरातील गरीब गर्भवती स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. या रक्तक्षयात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या झालेल्या असत. यीस्टचा अर्क, म्हणजे ‘मार्माइट’, दिल्यास हे रुग्ण सुधारतात असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे १९४१ मध्ये पालकापासून वेगळे केले गेलेले फॉलिक आम्ल. आजच्या तांबड्या गोळीत लोहाच्या जोडीला जे फॉलिक आम्ल असते, त्याची वंशावळ अशी मुंबईपर्यंत पोहोचते. विल्स यांच्या कार्याचा आणखी एक बोध आहे. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या, उपनगरांतही वसलेल्या समाजांत थॅलेसेमियाचा गुणधर्म तुलनेने अधिक आढळतो. अशा व्यक्तीस लोहाची उणीव नसताना लोह दिल्याने लाभ होत नाही. म्हणून कोणते लोह सौम्य, या प्रश्नाआधी रक्ततपासणीचा प्रश्न येतो.

१९५० व १९५७ या वर्षी मुंबई महापालिकेची हद्द उत्तरेकडे वाढत जाऊन मुलुंड व दहिसरपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास जोगेश्वरी, मुलुंड आदी ठिकाणी औषधांचे कारखाने उभे राहिले. याच काळात औषधविक्रेत्याकडे हिराकसाशेजारी फेरस ग्लुकोनेट व फेरस फ्युमरेट येऊन बसले, आणि नवे क्षार सौम्य आहेत असा समज दृढ झाला. या समजाची कसोटी १९६६ मध्ये स्वीडनमध्ये लागली. हालबेर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाची मात्रा समान ठेवून, कोण काय घेत आहे हे कोणासही कळू न देता, हे क्षार दिले; तेव्हा तक्रारींच्या प्रमाणात त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. याचा उलगडा साध्या गणिताने होतो. ३०० मिलिग्रॅम ग्लुकोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे ३५ मिलिग्रॅम असते; २०० मिलिग्रॅम शुष्क सल्फेटच्या गोळीत ते सुमारे ६५ मिलिग्रॅम असते. ग्लुकोनेट सौम्य वाटे ते त्यात लोह कमी असल्यामुळे. अलीकडील पॉलीमाल्टोज-लोहाने पोटाच्या तक्रारी कमी होतात; पण रक्तवृद्धीच्या कामी ते हिराकसाहून श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही.

आवरणाचा मार्ग याहून फसवा आहे. लोहाचे शोषण प्रामुख्याने जठरालगतच्या आतड्याच्या आरंभीच्या भागात होते. जी गोळी जठरात न विरघळता पुढे जाते, ती जठराला त्रास देत नाही हे खरे. परंतु शोषणाची जागाही ती ओलांडून जाते. जेवणानंतर गोळी घेतल्यासही असाच काही तोटा सोसावा लागतो, आणि चहासोबत घेतल्यास तो अधिकच होतो.

उरला मात्रेचा मार्ग. १९७० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तक्षय-प्रतिबंधक कार्यक्रमात गर्भवतीस ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल १०० दिवस द्यावे असे ठरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९८९ च्या मूल्यमापनात या कार्यक्रमाचा प्रभाव अत्यल्प दिसला. पुरवठा अपुरा होता आणि मिळालेल्या गोळ्याही पुष्कळ स्त्रिया घेत नव्हत्या. त्यानंतर लोहाची मात्रा १०० मिलिग्रॅमपर्यंत वाढविण्यात आली. जी गोळी घेतली जात नव्हती, ती अधिक जड करण्यात आली, ही या धोरणातील विसंगती नजरेआड करता येत नाही. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाने प्रतिबंधक मात्रा पुन्हा ६० मिलिग्रॅमवर आणली आणि मुदत गरोदरपणी १८० दिवसांची केली.

दरम्यान या शतकाच्या आरंभी हेप्सिडिन या संप्रेरकाचा शोध लागला होता. लोहाची मोठी मात्रा पोटात जाताच ते रक्तात वाढते आणि पुढील सुमारे २४ तास नव्या लोहाची वाट अडविते. झ्यूरिख येथील संशोधकांनी २०१७ मध्ये लोहाची उणीव असलेल्या स्त्रियांना ६० मिलिग्रॅम लोह देऊन पाहिले. रोज दिल्यास १६.३ टक्के, तर एक दिवसाआड दिल्यास २१.८ टक्के लोह शोषले गेले. न शोषलेले लोह आतड्यांतच राहते, आणि त्रास देण्यास तेही कारण होते. या स्त्रिया गर्भवती नव्हत्या. म्हणून हा निष्कर्ष गर्भवतींस जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून क्रम बदलणेही इष्ट नव्हे. तरीही त्याने एक गोष्ट स्पष्ट होते : अधिक लोह गिळणे म्हणजे अधिक लोह मिळणे नव्हे.

एवंच, सौम्य लोह निवडताना वेष्टनावरील नावापेक्षा त्यात प्रत्यक्ष लोह किती आहे आणि ते कोणत्या अंतराने घ्यावयाचे आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. गोळी टाकून देणाऱ्या स्त्रीवर आजवर अज्ञानाचा ठपका ठेवण्यात आला. गोळीने त्रास होतो हे तिचे म्हणणे मात्र वस्तुस्थितीस धरून होते. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळलेला असताना, प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत वाटलेल्या गोळ्यांच्या संख्येशेजारी त्या स्त्रियांनी सांगितलेला त्रासही लिहिला जावा, अशी अपेक्षा या इतिहासावरून करता येते.