वजन भरलं, दिवस भरले का?

बाळ जन्मलं की घरात पहिला प्रश्न असतो, मुलगा की मुलगी? दुसरा लगेच, वजन किती? आपली मराठी मात्र बाळंतपण जवळ आलं की 'दिवस भरले' म्हणते. वजन आणि दिवस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मान्य करायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षं लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडचे डॉक्टर आर्वो इल्प्यो बर्लिनमध्ये नवजात बाळांचा अभ्यास करत होते. अडीच किलोपर्यंतचं बाळ अपुऱ्या दिवसांचं समजावं, अशी रेघ त्यांनी आखली. ती सोयीची होती. तराजू सगळीकडे मिळतो, पाळीची तारीख मात्र सगळ्याच आयांना आठवत नाही. १९५० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच रेघ मानली.

पण या रेघेखाली दोन निराळी बाळं एकत्र येत. एक आठव्या महिन्यात जन्मलेलं, वयाच्या मानाने चांगलं वाढलेलं. दुसरं पूर्ण दिवसांचं, पण पोटात पोषण कमी पडल्यानं किरकोळ. तराजूवर दोघं सारखी, पण पहिल्याची फुप्फुसं कच्ची असण्याची भीती जास्त. अखेर १९६१ मध्ये संघटनेनं 'कमी वजनाचं' हा वेगळा शब्द घेतला. १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉ. लुला लुबचेंको यांनी आठवड्यांनुसार वजनाचे तक्ते काढले. १९७० मध्ये लिली आणि व्हिक्टर ड्युबोविट्झ या दांपत्यानं तळपायाच्या रेषा, कान, त्वचा आणि हातपाय आखडून धरण्याची ढब पाहून बाळाचं वय ठरवण्याची पद्धत दिली.

हे झालं बाहेरून पाहणं. आतली बातमी रक्तात होती. १९५७ मध्ये अमेरिकेत सामन आणि डॉहडे या संशोधकांना दिसलं, की वाढीचं संप्रेरक कूर्चेवर थेट काम करत नाही; रक्तातला दुसराच कुणी मध्यस्थ ते काम करतो. १९७८ मध्ये झुरिकच्या रिंडरक्नेख्त आणि हुंबेल यांनी त्याची रचना उलगडली. ती इन्सुलिनसारखी निघाली, म्हणून त्याचं नाव इन्सुलिनसारखा वाढघटक, आयजीएफ-१. १९९३ मध्ये हा घटक नसलेले उंदीर प्रयोगशाळेत जन्मले, ते नेहमीच्या वजनाच्या साधारण साठ टक्केच होते.

माणसाच्या बाळातही शेवटच्या तीन महिन्यांत रक्तातला हा घटक वाढत जातो. बाळ लवकर जन्मलं की वार सुटते आणि ही वाढ थांबते. २००१ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉ. आन हेलस्ट्रॉम आणि बोस्टनच्या डॉ. लोइस स्मिथ यांच्या चमूनं दाखवलं, की ज्या बाळांत तो बराच काळ कमी राहतो, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्ध्यावर अडतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा सुटून अंधत्वही येऊ शकतं.

मग हाच घटक बाहेरून द्यावा, असं कुणालाही वाटेल. तसा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोळ्यांचा हा आजार काही कमी झाला नाही. खूण सापडली म्हणजे औषध सापडलं असं नव्हे. शिवाय पोटात उपाशी राहिलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळातही हा घटक कमीच असतो. म्हणजे रक्त वाढीची हकिगत सांगतं, वयाचा दाखला देत नाही.

गंमत पुढेच आहे. धोका ओळखायला गोथेनबर्गच्या चमूनं आधी दर आठवड्याला रक्त तपासलं. नंतर लक्षात आलं, की बाळाचं वजन आठवड्याला किती वाढतं, यावरूनही पुष्कळसा अंदाज येतो. तराजू पुन्हा आला, पण आता तो एकदा मोजून थांबत नव्हता.

आपल्याकडे तर पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठ्या बाळांनाही हा आजार होतो. म्हणून इथे ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावेत, असा नियम आहे. फार लहान बाळांचे त्याहून आधी. वेळेत सापडलं तर लेसरनं दृष्टी वाचू शकते. तेव्हा घरी जाताना बाळाच्या कागदावर वजनाशेजारी आठवडेही लिहिले आहेत ना, एवढं बघा. आणि डोळ्यांच्या तपासणीची तारीख दिली असेल, तर बाळ कितीही गुटगुटीत दिसो, ती चुकवू नका.