रोगाचा नकाशा आणि रोग्याचें गांव

गोंदिया शहराला लागून फुलचूर हें गांव आहे. या जिल्ह्याच्या उत्तरेस मध्यप्रदेश, पूर्वेस छत्तीसगड. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच प्रांतांत होता. पुढें सीमा आखली गेली. परंतु तंबाखू, विडी व सोयरीक यांना ती ठाऊक नाहीं. समजा, फुलचूरचा एखादा कर्करोगी उपचारासाठीं नागपुरास किंवा मुंबईस गेला, तर त्याची गणना कोठें व्हावी? प्रश्न साधा दिसतो; पण रोगाचा नकाशा खरा कीं खोटा, हें त्याच्या उत्तरावर ठरतें.

प्रांताप्रांताच्या चालीरीतींशीं या रोगाचें नातें आहे, हें फार पूर्वीं ध्यानांत आलें होतें. काश्मीरांत पोटाशीं निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांना होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद डॉ. एल्म्स्ली यांनीं १८६६ सालीं केली. १९४१ मध्यें मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ सालीं आणखी तीन प्रकार दाखविले : खैनी खाणाऱ्यांच्या ओठाचा, पेटतें टोंक तोंडांत धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा व धोतर घट्ट कसणाऱ्यांच्या कमरेचा.

तथापि रुग्णालयाच्या वहींतून कोण आला एवढेंच कळतें. किती लोकांमागें किती आजारी, हें कळत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानें १९६३ सालीं मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतांतील अशी ही पहिलीच. तिचे कर्मचारी रुग्णालयें, प्रयोगशाळा व मृत्यूच्या नोंदी धुंडाळीत आणि बाहेरगांवचे रोगी निराळे काढीत. तसें न केल्यास दूरदूरच्या जिल्ह्यांचें दुखणें मुंबईच्या माथीं बसलें असतें. १९६५ मध्यें फ्रान्सांतील लिआँ येथें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था स्थापन झाली. वयाचा फरक जमेस धरून देशोदेशींच्या आकड्यांची तुलना होऊं लागली, आणि १९७० च्या जागतिक संग्रहांत मुंबईचेही आकडे आले.

१९८७ सालीं बार्शीस ग्रामीण नोंदणी निघाली, तेव्हां दुसरेंच चित्र दिसलें. मुंबईच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पुढें, तर बार्शीकडे गर्भाशयमुखाचा. या फरकाचा उपयोगही झाला. टाटा रुग्णालय, बार्शीचें रुग्णालय व लिआँची संस्था यांनीं तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. विषाणूच्या एका चांचणीनें या रोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यानें घटतात, हें त्यांतून २००९ सालीं सिद्ध झालें.

जिल्ह्याजिल्ह्यांतील अशी निवड आकड्यांवांचून होत नाहीं. नागपुरास नोंदणी १९८० सालीं सुरू झाली, पण ती त्या शहराच्या रहिवाशांची. फुलचूरचा रोगी त्या हिशोबांत बसत नाहीं, आणि त्याचा कागद गोंदियाकडे परतला नाहीं, तर तो कोठेंच राहत नाहीं. सीमेपलीकडे उपचारास गेलेल्यांचें तेंच. रोग्याचें नांव गुप्त राहावें. त्याच्या गांवाची नोंद मात्र त्याच्यामागून घरीं आली पाहिजे. ती आली नाहीं, तर नकाशावर तें गांव निरोगी दिसेल, आणि निरोगी गांवाकडे वैद्य कशाला फिरकेल?