न भेटता झालेले सौदे

उज्जैनच्या जुन्या गावातून, म्हणजे महाकाळेश्वर, सराफा आणि बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले गोपाळ मंदिर या बाजूकडून, रेल्वेवरचा पूल ओलांडून पलीकडे आले की फ्रीगंज लागते. कागदोपत्री ते माधवनगर, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाचे. पण लोकांच्या तोंडी बसले ते फ्रीगंजच. अर्धे इंग्रजी आणि अर्धे फारसी असे हे जोडनाव. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्याला काहीतरी माफ करावे लागते, ही जुनी दरबारी जाण त्या नावातून अजून डोकावते. पेठेच्या मध्यावर घड्याळाचा मनोरा आहे आणि त्याच्याभोवती टावर चौक. टॉवर नव्हे, टावर. इथले आम्ही मराठी लोकही तसेच म्हणतो.

२०२४ च्या मार्चमध्ये या चौकात जो तो एकच विचारी, गाडी घेतली का? १ मार्च ते ९ एप्रिल या काळात उज्जैनला पहिला विक्रम व्यापार मेळा भरला होता. मेळ्यात घेतलेल्या आणि उज्जैनच्या परिवहन कार्यालयात नोंदवलेल्या वाहनांवर निम्मा कर माफ होता. ही युक्ती ग्वाल्हेरच्या मेळ्याची. तो १९०५ साली माधवरावांच्या राजवटीत गुरांचा बाजार म्हणून सुरू झाला आणि वाढत वाढत साऱ्या मध्य भारताचा व्यापार मेळा झाला. अलीकडच्या काळात तिथेही वाहनांवरच्या करसवलतीने गर्दी खेचली. म्हणजे संस्थाने गेली, पण कर सोडून माणसे बोलावण्याची विद्या राहिली.

मला त्या गर्दीत एका गोष्टीची गंमत वाटत होती. मोटार ही अशी वस्तू, की तिला मेळ्याची गरज सर्वांत कमी. एका नमुन्याच्या दोन गाड्या उज्जैनला घेतल्या काय आणि सोलापूरला घेतल्या काय, सारख्याच. सवलत तर कागदावरची. घरबसल्याही देता आली असती. उलट ज्या मालाला हात लावल्याशिवाय चालत नाही, त्याच्यासाठी असा मोठा कर माफ करण्याजोगा नसतोच. त्याला माणसे यावी लागतात, एवढीच त्याची मागणी.

आणि माणसे येईनाशी झाली, तर? हा प्रश्न २०२० साली साऱ्या जगापुढे उभा राहिला. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा त्या वर्षी भरला नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरचे औद्योगिक प्रदर्शन रद्द झाले आणि २०२१ ला ते केवळ संगणकाच्या पडद्यावर भरले. चीनमध्ये कँटनचा मेळा १९५७ पासून भरतो. त्याची १२७ वी खेप १५ ते २४ जून २०२० या दहा दिवसांत संपूर्णपणे पडद्यावर झाली. सुमारे पंचवीस हजार विक्रेते कॅमेऱ्यासमोर माल दाखवीत होते आणि गिऱ्हाईक आपापल्या देशात, आपापल्या घड्याळाप्रमाणे जागे राहून पाहत होते. प्रवास नाही, हॉटेल नाही, गाळ्याचे भाडे नाही. व्यापाराचे भविष्य हेच, असे तेव्हा पुष्कळांनी सांगितले. पण २०२३ च्या वसंतात कँटनचा मेळा पुन्हा पूर्ववत मैदानात भरला. पडदा चालू राहिला, पण जोडीला.

कँटनचे नाव वाचले की माळव्यातल्या माणसाला निराळेच काही आठवायला हवे. त्या बंदराशी उज्जैनने एके काळी न भेटता केवढा तरी व्यापार केला आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी उज्जैन ही अफूची मोठी पेठ राहिली. सावकार शेतकऱ्याला आगाऊ पैसे देई, माल गोळा होई, त्याच्या वड्या थापून सुमारे १४० पौंडांच्या पेट्या भरत. त्या मुंबईला जात. कंपनी सरकारने आधी सगळा माल स्वतः विकत घेऊन मक्ता बसवण्याचा प्रयत्न केला. पण पोर्तुगीजांच्या दमणमार्गे माल निसटू लागला, तेव्हा १८३० च्या सुमारास तिने हात टेकले आणि पेटीमागे १७५ रुपये घेऊन परवाना देण्याची पद्धत सुरू केली. मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे व्यापारी, त्यांच्यापुढे जार्डिन मॅथेसनसारखी गोरी पेढी आणि शेवटी कँटनचा चिनी दलाल. या साखळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या माणसाने एकमेकांचे तोंड पाहिले नाही. पैसा हुंडीने फिरला. हा व्यापार पापाचा होता, हे इथेच सांगून टाकतो. १८३९ मध्ये लिन झेश्यू याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या त्या रागाला कारण होते. पण सौदा कसा होतो, हे शिकायला पापाचा व्यापारही चालतो.

त्यातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बंगालची अफू कंपनीच्या देखरेखीखाली तयार होई आणि तिच्या पेटीवर कंपनीची मुद्रा असे. कँटनमध्ये ती मुद्रेच्या भरवशावर विकली जाई. माळव्याची अफू मात्र खासगी सावकारांची. कुणाची चोख, कुणाची भेसळीची. म्हणून ती फोडून, तपासून घेतली जाई. म्हणजे मुद्रा असेल तिथे डोळे मिटून सौदा आणि नसेल तिथे पारख्याचा हात. पडद्यावरच्या मेळ्याचे सगळे यशापयश मला या दोन पेट्यांत दिसते.

याच माळव्यात २००० साली दुसरा प्रयोग झाला. आयटीसी या कंपनीने मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या गावांत ई-चौपाल सुरू केल्या. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक. त्यावर मंडीचे भाव पाहायचे, कंपनीचा भाव पाहायचा आणि मग माल कुठे न्यायचा ते ठरवायचे. त्यावर झालेल्या अभ्यासात असे दिसले की त्यामुळे मंडीतलेही सोयाबीनचे भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढले. आकडा लहान, पण क्विंटलांच्या हिशेबात शेतकऱ्याला जाणवणारा. मात्र तिथेही नमुना पाहिल्याशिवाय भाव पक्का होत नसे, आणि शेवटी ट्रॉली काट्यावर चढवावीच लागे. भाव तारेतून आला, पण दाणा मुठीतच पाहिला गेला.

आता भैरूगढ. उज्जैनकराला हे नाव ऐकून आधी मध्यवर्ती तुरुंग आठवतो, याला इलाज नाही. पण क्षिप्रेकाठच्या त्या वस्तीत छिपांची घरे आहेत आणि त्यांची बाटिक छपाई दूरवर जाते. कापडावर तापलेले मेण लावायचे, रंगात बुडवायचे, मेण काढायचे. मेणाला जिथे तडा जाईल तिथे रंग शिरतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ उमटते. ती रेघ दुसऱ्या चादरीवर तशीच कधी येत नाही. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मुद्रा मिळाली. पण ही मुद्रा कापड कुठले ते सांगते. या चादरीचा रंग पक्का आहे की नाही, हे ती कशी सांगणार?

तिथले एक छापाकार माझ्या ओळखीचे आहेत. टाळेबंदीच्या वर्षी त्यांनी पडद्यावरच्या एका प्रदर्शनात माल मांडला. अर्ज इंग्रजीत, मालाचे वर्णन इंग्रजीत; ते भाच्याने भरले. चादरी गेल्या, आणि चित्रात दिसला तो तांबडा हा नव्हे म्हणून निम्म्या परत आल्या. मी विचारले तर म्हणाले, “फोटो में मोम की बास नहीं आती, भाऊसाहब. ग्राहक हाथ फेरकर ही मानता है।”

या वाक्यापेक्षा मला तो भाच्याने भरलेला अर्ज अधिक टोचला. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखातल्या माणसाची मेळ्यातली कमाई जिभेवर असते. गिऱ्हाईक मराठी दिसले की ‘या ताई’, माळवी दिसले की ‘आव बा’. तुमच्याकडे बेळगावच्या किंवा बिदरच्या बाजारात हेच कानडी-मराठीत चालते. इंदूरहून किंवा बऱ्हाणपूरहून आलेल्या बाईशी तिच्या बोलीत घासाघीस करताना हे छापाकार चादरीचा इतिहासही सांगून टाकतात आणि दोनाच्या जागी तीन खपवतात. अर्जाच्या चौकोनात ही जीभ मावत नाही. तिथे ज्याला कागद भरता येतो तो व्यापारी, बाकीचे कारागीर. पडद्याचे भाडे कमी असेलही, पण ही वजावट कुणी हिशेबात धरत नाही.

तरी त्यांनी पडदा सोडलेला नाही. मेळा वर्षातून एकदा, पोट रोजचे. आता फोनवर मागणी आली की ते आधी तळहाताएवढा छापलेला तुकडा पाकिटात घालून पाठवतात. गिऱ्हाईकाने तो धुऊन, घासून, उन्हात वाळवून पाहायचा आणि मग चादरीचे बोलायचे. तुकड्याचे पैसे घेत नाहीत. पाकिटावर पत्ता भाचाच लिहितो, पण आत चिठ्ठी त्यांच्या हातची असते, हिंदीत. आणि गिऱ्हाईक पुण्याचे असेल तर मोडक्यातोडक्या मराठीत.