‘सोमवार बंद’ची पाटी

बाजारपेठेतल्या दुकानांवर ‘सोमवार बंद’ अशी पाटी असायची. गिऱ्हाईक ती वाचायचे आणि मंगळवारी यायचे. दुकानातला नोकर मात्र त्या दोन शब्दांत आणखी काही वाचत असे. दुकान बंद, पण पगार चालू! आज मॉलमध्ये किंवा बर्गरच्या दुकानात तासांच्या हिशेबाने काम करणाऱ्या मुलामुलींना ही पाटी फारशी दिसत नाही. म्हणूनच तिचा इतिहास सांगावासा वाटतो.

साप्ताहिक सुट्टी म्हटले की आपल्याला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात, आणि ते रास्तच आहे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती त्यांच्याच चळवळीमुळे. पण एक गोष्ट आपण विसरतो. ही सुट्टी होती, भरपगारी सुट्टी नव्हती. हजेरी भरली तेवढ्याच दिवसांचे पैसे हाती पडत. शिवाय ती गिरण्यांपुरतीच. पेढीवरचा गुमास्ता, कापडाच्या दुकानातला नोकर, हॉटेलातला पोऱ्या यांचा त्यात काहीच वाटा नव्हता. मालक दुकान बंद करील तेव्हा त्यांचा दिवस मावळायचा.

त्यांची दखल घेतली गेली ती जवळजवळ पन्नास वर्षांनी. १९३९ साली, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना, मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापनांसाठी कायदा केला. देशातला या प्रकारचा तो पहिलाच कायदा. पुढे १९४८ साली त्याच्या जागी अधिक व्यापक कायदा आला. लोकांनी त्याला सुटसुटीत नाव दिले, गुमास्ता कायदा. नाव गुमास्त्याचे, पण परवाना मात्र मालकाने काढायचा, ही त्यातली गंमत!

या १९४८ च्या कायद्यातले अठरावे कलम मला फार मोलाचे वाटते. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे आणि त्यापायी कोणाचा पगार कापू नये, एवढे सांगून ते थांबत नाही. नोकर रोजंदारीवर असला तरी बंदच्या दिवसाचा रोज त्याला मिळाला पाहिजे, असे ते सांगते. नगावर मजुरी घेणाऱ्यालाही आधीच्या सहा दिवसांतल्या कमाईची सरासरी काढून त्या दिवसाचे पैसे द्यायचे. ‘काम नाही तर दाम नाही’ या जुन्या हिशेबाला इथे कायद्याने छेद दिला.

आणि अंमलबजावणी सोपी होती. सोमवारी कुलूप आहे की नाही, हे रस्त्यावरून जाणाऱ्या निरीक्षकालाही दिसे.

हॉटेलांचे तसे नव्हते. हॉटेल रोज उघडे, नोकरांना सुट्टी पाळीपाळीने. माझे मामा गिरगावातल्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसत. त्यांची सुट्टी बुधवारी. पण ती खरोखर मिळाली की नाही हे हजेरीपुस्तकालाच ठाऊक! अशी सुट्टी रस्त्यावरून दिसत नाही.

२०१७ च्या महाराष्ट्र कायद्याने हीच हॉटेलची रीत दुकानांना लावली. दुकान वर्षभर उघडे ठेवता येते, सुट्टी कामगाराला द्यायची. गिऱ्हाइकाची सोय झाली. पण सुट्टी कुलपातून निघून हजेरीपुस्तकात गेली.

तासांवर काम करणाऱ्याची सुट्टी तर आणखी आत दडलेली असते, भागाकारात. किमान वेतनाच्या अधिसूचनांत महिन्याचे वेतन तीसने नव्हे, सव्वीसने भागून रोज काढण्याची पद्धत आहे. चार रविवारांचा पगार त्या सव्वीस दिवसांतच वाटलेला असतो. समजा महिन्याचे वेतन १३,००० रुपये आहे. सव्वीसने भागले तर रोज ५०० रुपये. तीसने भागले तर ४३३ रुपये आणि काही पैसे. मधले ६६-६७ रुपये ही सुट्टीची किंमत. अर्धवेळ काम करणाऱ्यासाठी या ५०० ला आठने भागून वर पंधरा टक्के चढवायचे, म्हणजे तासाला सुमारे ७२ रुपये. आपला तासाचा दर कशाने भागून आला, हे काउंटरवरच्या मुलीने एकदा विचारून पाहावे.

सणावारांचे मात्र या भागाकारात काही नाही. त्यासाठी २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या आणखी चार. शिवाय आठ दिवसांची किरकोळ रजा. पण सुट्ट्यांची ही तरतूद दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच होती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचे ठरवले. ‘सोमवार बंद’ची पाटी लावणाऱ्या बहुतेक दुकानांत चार-पाच नोकर असत.