पेटीवरचं नाव आणि चिपचा नंबर

आजचा इतिहास जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचा आहे. पण तो ठाऊक नसल्यामुळे माझे चार दिवस गेले आणि दिलेला शब्द जवळजवळ मोडला, म्हणून सांगतो.

सिग्नल्समधून निवृत्त झाल्यावर मी महूलाच राहिलो. आमच्या तुकडीचे शेकडो जुने फोटो मी स्कॅन करून ठेवले आहेत. २०२० च्या पावसाळ्यात ठरवलं, की जुन्या डेस्कटॉपचा घरगुती सर्व्हर करायचा, म्हणजे राज्याराज्यांत विखुरलेल्या सोबत्यांना ते फोटो घरबसल्या पाहता येतील. डेस्कटॉपचं नेटवर्क पोर्ट आदल्या वर्षी विजेने जळालं होतं. म्हणून नवं, वेगवान कार्ड आणलं, आधीची सिस्टीम पुसली आणि लिनक्स टाकलं. कार्डाचे दिवे लागले, पण नेटवर्क काही दिसेना.

त्याच संध्याकाळी आमच्या एका दिवंगत हवालदाराच्या मुलीचा फोन आला. लग्नपत्रिकेवर वडिलांचा गणवेशातला फोटो घालायचा होता. "काका, रविवारपर्यंत मिळेल ना?" मी हो म्हणून बसलो. फोटोंची डिस्क वाचायला लागणारा छोटा प्रोग्राम नेटवरूनच उतरवायचा होता, कार्डाचा ड्रायव्हरही नेटवरच, आणि घरात दुसरा संगणक नाही. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेता येतं, हे तेव्हा सुचलं नाही. दोष कार्डाचा नाही, दुकानदाराचाही नाही. कुठल्या गाडीवर कोणता ड्रायव्हर, हे आमच्याकडे गाडी हलण्याआधी पाहिलं जायचं. इथे मी गाडी आधी काढली.

हा ड्रायव्हर म्हणजे कार्डाची भाषा सिस्टीमला समजावणारा दुभाष्या. तो कोणीतरी बसून लिहावा लागतो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नोव्हेल कंपनीचं एनई-२००० कार्ड आलं आणि त्याच्या इतक्या नकला निघाल्या, की 'एनई-२००० कम्पॅटिबल' ही जणू जातच झाली. त्या काळी कार्डाचा पत्ता आणि इंटरप्टचा क्रमांक बऱ्याचदा बारीक जम्पर हलवून ठरवावा लागे. दोन कार्डांनी एकच क्रमांक घेतला, की दोन्ही अडून बसत.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जाहीर केलं, तेव्हा कार्ड बनवणाऱ्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. ही उणीव ज्यांनी भरली त्यांत डोनाल्ड बेकर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनी बाजारातले १६ साधे संगणक इथरनेटने जोडून 'बेओवुल्फ' नावाचा समूह उभा केला. एक तार अपुरी पडते म्हणून एकाच वेळी दोन तारांवरून माहिती पाठवायची सोयही केली. बेकर यांनी लिहिलेले ड्रायव्हर मात्र त्या खोलीत राहिले नाहीत, ते जगभरच्या लिनक्समध्ये गेले. घरात सर्व्हर लावणारा त्यांच्या कष्टांवरच उभा असतो, बहुधा नकळत.

दुसरी मोठी गोष्ट पीसीआयची, १९९२ ची. तेव्हापासून प्रत्येक कार्ड स्वतःचा नंबर सांगू लागलं: आधी कंपनीचा, मग चिपचा. फौजी नंबरच समजा. माणूस कुठल्याही पलटणीत जावो, नंबर तोच. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच. रिअलटेकचा १०ईसी. पेटीवर नाव कोणाचंही असो, आत चिप कोणाची आहे ते या नंबरावरून कळतं. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या मधूनच चिप बदलतात, त्यामुळे पेटी वाचून भागत नाही.

रिअलटेकची ८१३९ ही चिप नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली आणि स्वस्ताईमुळे घरोघरी पोहोचली. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी त्या फाइलमध्येच चिपवर तोंडसुख घेतलं आहे. आलेली माहिती प्रोसेसरला पुन्हा उचलून ठेवावी लागते, ही त्यांची तक्रार रास्तच होती. पण चिप कितीही सुमार असली, तरी ड्रायव्हर सगळीकडे तयार होता.

उलट प्रकारही घडतो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ७.० ने २०२० मध्ये लिनक्समधून घेतलेल्या जुन्या ड्रायव्हरांचा आधारच काढून टाकला, आणि आवृत्ती बदलताच कित्येकांची चालती कार्डं बंद पडली. म्हणजे नव्या सिस्टीमवर जुनं कार्ड अडतं, तसं जुन्या सिस्टीमवर नवं. रिअलटेकच्या ८१२५ चिपची ओळख लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला (आमचा कर्नल वेगळा), ५.४ आवृत्तीपासून झाली.

तेव्हा सिस्टीम पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून पाहा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' लिहून पुढे 'एनएनके' हा पर्याय द्या. कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात दोन नंबर दिसतील आणि खाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचं नाव. ती ड्रायव्हरची ओळच नसेल, तर तिथेच थांबा. तोच नंबर, आणि जी आवृत्ती कायमची टाकणार तिच्या कर्नेलचा क्रमांक, दोन्ही कागदावर लिहून शोध घ्या. आधी कार्ड घेऊ नका.

माझं काय झालं? शनिवारी खणात तारांच्या गुंत्याखाली एक जुनं ८१३९ कार्ड सापडलं, शंभर मेगाबिटचं. डेस्कटॉपमध्ये एक जुना पीसीआय स्लॉट रिकामा होता. कार्ड बसवून बटण दाबलं आणि पहिल्याच फटक्यात नेटवर्क आलं. रात्री साडेदहाला हवालदाराचा फोटो त्याच्या मुलीकडे गेला. नवं कार्ड दिवाळीपर्यंत पेटीतच होतं, कर्नेल बदलल्यावर तेही मुकाट चालू झालं.