पोलीस चौकशीतील हक्क आणि आकलनाची भाषा : महाराष्ट्रातील तीन न्यायनिर्णयांच्या संदर्भात

पुरुषोत्तमनगर हे शहादा तालुक्यातील गाव सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. या परिसराच्या बाजारात गुजरी, अहिराणी, भिली व पावरी कानावर पडते. पोलीस ठाण्यातील जबाब मात्र मराठीत लिहिला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. म्हणून चौकशीतील हक्कांचा विचार येथे भाषेपासूनच सुरू करावा लागतो.

हक्क कागदावर जुने आहेत. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. स्वतःस गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर नाकारण्याची मुभा घटनेच्या कलम २० (३) ने दिली व १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी तिचा विस्तार केला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबावर त्याची सही घ्यावयाची नसते (कलम १८१), आणि अटकेतील व्यक्तीस चौकशीदरम्यान, जरी सर्व काळ नव्हे तरी, वकिलास भेटता येते (कलम ३८). ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याला यातील कोणते कलम कसे वाचवील, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नास न्यायालयीन रूप प्रथम नागपूरच्या एका प्रकरणातून मिळाले. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) या खटल्यातील स्थानबद्धास स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली. ती चौदा टंकलिखित पानांची होती व त्यांत तेरा वर्षांतील घडामोडींचा उल्लेख होता. आपणास इंग्रजी येत नाही, हिंदी प्रत द्यावी, अशी त्याची मागणी होती. पोलीस अधिकाऱ्याने मजकूर तोंडी समजावून सांगितला असल्याने उच्च न्यायालयाने ते पुरेसे मानले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते अमान्य करून सुटकेचा आदेश दिला. कारणे कळविणे म्हणजे ती आकलन होतील अशा भाषेत व लिपीत देणे, असा या निर्णयाचा आशय आहे.

दुसरा टप्पा मुंबईतील आहे. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातील पंधरा महिलांच्या मुलाखती घेतल्या; त्यांपैकी पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्र न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले व निर्मला निकेतन महाविद्यालयाच्या संचालिकांकडून अहवाल मागविला. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निर्णयात महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, असे निर्देश देण्यात आले. तुलनेने कमी चर्चिला गेलेला निर्देश असा की, अटक झालेल्याच्या हक्कांची पत्रके इंग्रजी, हिंदी व मराठीत छापावीत, तिन्ही भाषांतील प्रत प्रत्येक कोठडीत लावावी आणि तीन भाषांपैकी त्यास समजेल त्या भाषेत ती वाचून दाखवावी. उदार हेतूच्या या निर्देशातही सातपुड्याच्या पायथ्याची एकही भाषा नव्हती. महाराष्ट्र म्हणजे मराठी, हिंदी व इंग्रजी हे गृहीत त्या काळात इतके स्वाभाविक होते की कोणासही ते खटकले नसावे.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी, वरळी येथील २०२४ च्या मोटार अपघातातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे सर्व गुन्ह्यांत लेखी व अटक झालेल्यास समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असा निर्णय दिला. तत्काळ लेखी देणे शक्य नसल्यास ती तोंडी सांगावीत आणि दंडाधिकाऱ्यापुढे कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी लेखी द्यावीत, अशी मर्यादाही घातली. तीन भाषांची चौकट येथे उरली नाही.

तथापि हा नियम अटकेच्या कारणांपुरता आहे. दंडाधिकारी आरोपीची तपासणी करतात तेव्हा नोंद त्यास समजणाऱ्या भाषेत उलगडून सांगण्याची तरतूद संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. पोलिसांपुढील जबाबाच्या कलम १८० मध्ये तशी तरतूद नाही. शिवाय पावरी अथवा भिली प्रामुख्याने बोलण्यातच वावरते. त्या भाषेत लेखी कारणे देवनागरीत उतरवून दिली, तरी ज्यास अक्षरओळख नाही त्यास ती ठाण्यात वाचून कोण दाखविणार, हे निर्णयाने ठरविलेले नाही.